नवा बुश सहा महिन्यांत का फाटतो: बोल्ट हवेत आवळल्याचा दोष

मारुती झेन, ८००, पहिली ऑल्टो. या गाड्यांची कामं घरी करणाऱ्यांची एक तक्रार ठरलेली असते. पुढून टकटक येते म्हणून लोअर आर्मचे (चाकाला खालून गाडीशी जोडणाऱ्या आडव्या दांड्याचे) बुश, म्हणजे सांध्यातले रबरी तुकडे, बदलले. गाडी एकदम घट्ट झाली, खड्ड्यातला आवाज गेला. पाच-सहा महिने झाले, एक पावसाळा गेला, आणि तीच टकटक परत. मग दुसऱ्या कंपनीचे बुश आणले, तेही गेले. मग महागातले आणले, त्यांचंही तेच. शेवटी निष्कर्ष निघतो की हल्लीचे बाहेरचे पार्टच भिकार.

माझ्याकडे १९९९ ची झेन आहे. सोसायटीतल्या आणि नात्यातल्या जुन्या मारुत्याही माझ्याकडे येतात. परत परत फाटणाऱ्या बुशांच्या बहुतेक तक्रारींत मला पार्टचा दोष दिसलेला नाही. चाक हवेत लोंबकळत असताना लोअर आर्मचा आतला बोल्ट पूर्ण आवळलेला असतो. ही चूक घरी काम करणारेही करतात आणि गॅरेजवालेही. गाडी जॅकवर असताना हात सहज पोहोचतो, चाक बसवण्याआधी सगळं आवळून टाकलं की काम संपल्यासारखं वाटतं. बुशचं आयुष्य मात्र त्याच क्षणी निम्म्याहून कमी होतं.

पार्ट बदलण्याआधी हे नीट समजून घ्या, कारण पुढचा खर्च त्याने वाचतो. जुनी झेन २००६ ला बंद झाली, ८०० चं उत्पादन २०१४ च्या जानेवारीत थांबलं. यातल्या बहुतेक गाड्यांची पंधरा वर्षं उलटली आहेत. त्यांना आरटीओत पुनर्नोंदणी करावी लागते आणि ती पाच-पाच वर्षांसाठी मिळते. गाडी इतकी वर्षं सांभाळायची असेल तर सस्पेन्शन दर वर्षी उघडणं परवडत नाही, पैशानेही आणि वेळेनेही.

बुश नेमकं काय करतो

लोअर आर्मच्या आतल्या टोकाचा रबरी बुश बघा. मधोमध स्टीलची नळी असते, तिला रबर घट्ट धरून असतं आणि ते रबर आर्मच्या डोळ्यात, म्हणजे टोकाच्या गोल भोकात, दाबून बसवलेलं असतं. काही सेटमध्ये बाहेरूनही स्टीलची नळी असते. बोल्ट आवळला की चेसिसच्या ब्रॅकेटचे दोन कान आतल्या नळीला दोन्हीकडून चिमटतात. त्यानंतर ती नळी फिरतच नाही, आणि ती फिरावी अशी अपेक्षाही नाही. चाक वर-खाली होतं तेव्हा आर्म फिरतो तो रबराला पीळ देऊन. रबर पिळलं जातं, सुटतं, परत पिळलं जातं. यात घासणारा भाग एकही नाही, म्हणून ग्रीस लागत नाही आणि म्हणूनच बुश वर्षानुवर्षं टिकू शकतो.

बोल्ट ज्या स्थितीत आवळाल ती रबराची आरामाची स्थिती ठरते. गाडी आपल्या वजनाने चार चाकांवर उभी असताना आवळला तर रबर विश्रांतीत आहे. खड्ड्यात चाक खाली गेलं की थोडा पीळ एका बाजूला, गतिरोधकावर वर आलं की थोडा दुसऱ्या बाजूला.

आता आर्म खाली लोंबकळत असताना आवळला तर काय होतं? समजण्यापुरते आकडे घेऊ. आर्म ३० सेंटिमीटर लांब आहे आणि जॅकवर चाक नेहमीपेक्षा ८ सेंटिमीटर खाली लोंबतंय. हा फरक साधारण १५ अंशांचा झाला. गाडी जमिनीवर उतरताच रबर १५ अंश पिळलं गेलं, आणि गाडी पार्किंगमध्ये नुसती उभी असतानाही ते तसंच राहणार. ओलं फडकं पिळून तसंच धरून ठेवावं, तसं. मोठ्या खड्ड्यात चाक आणखी ६ सेंटिमीटर वर आलं की त्यात ११-१२ अंशांची भर पडते. जिथे १२ अंश सोसायचे तिथे २७ अंश सोसावे लागतात.

आणखी एक गोष्ट फार कमी लोकांना ठाऊक असते. हवेतल्या ओझोनने रबराला चिरा पडतात, पण त्या पडतात ताणलेल्या रबराला. मोकळं रबर बरंच तग धरतं. कायम पिळलेल्या अवस्थेतला बुश गाडी न चालवताही चिरत जातो. म्हणून महिन्यातून दोनदाच बाहेर निघणाऱ्या गाड्यांतही नवे बुश फाटलेले सापडतात आणि मालकाला काही उलगडा होत नाही.

आवाज बुशचाच आहे का, हे आधी ठरवा

पुढच्या बाजूचे सगळे आवाज लोकांना टकटकच वाटतात, पण त्यांत फरक आहे. ब्रेक दाबताना एकदा ‘टक’ आणि सोडताना परत एकदा ‘टक’ येत असेल तर लोअर आर्मचा बुश किंवा स्टॅबिलायझरच्या (पुढच्या दोन्ही बाजूंना जोडणाऱ्या वाकड्या बारच्या) टोकाचे बुश धरा. खडीच्या रस्त्यावर कमी वेगात अखंड खडखड येत असेल तर स्टॅबिलायझरचे मधले बुश, टाय रॉड एंड (स्टिअरिंगच्या दांड्याचा चाकाकडचा सांधा) किंवा बॉल जॉइंट (लोअर आर्मचा चाकाकडचा सांधा). गाडी उभी असताना स्टिअरिंग फिरवलं आणि स्प्रिंग उडाल्यासारखा ‘टण्’ आवाज आला तर शॉकअपचं वरचं माउंटिंग किंवा त्यातलं बेअरिंग.

मग पुढचं चाक उचला, चेसिसखाली स्टँड लावा आणि चाक हाताने हलवून बघा. वर-खाली धरून, म्हणजे घड्याळातल्या बारा आणि सहाच्या जागी, हललं तर बॉल जॉइंट किंवा व्हील बेअरिंग. कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर बेअरिंग, तसाच राहिला तर बॉल जॉइंट. नऊ आणि तीनच्या जागी धरून हललं तर टाय रॉड किंवा स्टिअरिंग रॅक. बुश तपासायला लांब टॉमी किंवा छोटी पहार आर्म आणि ब्रॅकेटच्या मध्ये घालून हलका जोर द्या. थोडं रबरी हलणं ठीक आहे. लोखंडाला लोखंड लागल्याचा आवाज आला किंवा रबरात फट उघडलेली दिसली तर बुश गेला.

हवेत आवळलाय का, याची चाचणी

ही चाचणी फुकट आहे आणि नवे पार्ट घेण्याआधी केलीच पाहिजे. गाडी सपाट जमिनीवर चार चाकांवर उभी करा. हँडब्रेक ओढा, पहिला गिअर टाका, मागच्या चाकांना दोन्हीकडून ठोकळे लावा. आता लोअर आर्मच्या आतल्या बोल्टचा नट अर्धा-एक फेरा सैल करा. बोल्ट काढायचा नाही, फक्त सैल करायचा.

तो हवेत आवळलेला असेल तर पाना फिरताच ‘कट्’ असा आवाज होतो आणि गाडीची ती बाजू किंचित खाली बसते. इतके महिने कोंडलेला पीळ सुटल्याचा तो आवाज असतो. हे एकदा स्वतः ऐकलं की वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

रबर अजून फाटलेलं नसेल तर दुरुस्तीही तिथेच होते. दोन्ही बाजूंचे बोल्ट सैल ठेवा, बॉनेटवर हात ठेवून गाडी पाच-सहा वेळा खाली दाबून सोडा, गाडी आपल्या उंचीवर स्थिर होऊ द्या आणि जमिनीवरच पुन्हा आवळा. नुकतंच कुणाकडून काम करून घेतलं असेल तर घरी आल्यावर एवढं जरूर करा.

हात पोहोचत नसेल तर स्टिअरिंग पूर्ण वळवून चाकामागून बघा. तरीही अडत असेल तर पुढची दोन्ही चाकं लाकडावर चढवा. सेंट्रिंगच्या जाड फळ्या एकावर एक, प्रत्येक वरची आखूड, अशा खिळ्यांनी ठोकून दोन पायऱ्या बनवल्या की दहा-पंधरा सेंटिमीटर उंची मिळते आणि वजन चाकांवरच राहतं. विटा अजिबात वापरू नका. वीट वजनाखाली काहीही न सांगता फुटते.

बुश बदलायची वेळ आलीच तर

काही उघडण्याआधी मोजमाप घ्या. गाडी सपाट जागी, टायरमध्ये हवा बरोबर, आत कुणी बसलेलं नाही. चाकाच्या मध्यबिंदूपासून सरळ वर मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंना मिलिमीटरमध्ये लिहून ठेवा. टेप पट्टीने एका मिनिटाचं काम आहे, पण सगळी दुरुस्ती शेवटी याच आकड्यावर उभी राहते.

आदल्या रात्री सगळ्या नट-बोल्टवर गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. कोकणातल्या गाड्यांना दोन-तीन रात्री द्या. तिथल्या खाऱ्या हवेत बोल्ट आतल्या नळीतच धरून बसतो. गॅसच्या ज्योतीने तापवून काढायचा मोह टाळा. आग रबरापर्यंत गेली की धूर विषारी होतो, शेजारी ब्रेकचा होजही असतो.

चाकाचे नट १९ च्या पान्याने गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल करा, मग जॅक लावा. गाडीबरोबर मिळालेला कात्री जॅक फक्त उचलण्यासाठी आहे. खाली हात घालण्याआधी चेसिसखाली दोन स्टँड आणि काढलेलं चाक आडवं सरकवून ठेवायचं. याला अपवाद नाही, दोन मिनिटांच्या कामालाही नाही.

बॉल जॉइंटची दांडी नकलमध्ये (चाकाचं बेअरिंग धरणाऱ्या लोखंडी भागात) एका आडव्या बोल्टने पकडलेली असते. तो बोल्ट दांडीच्या खाचेतून जातो, त्यामुळे नुसता सैल करून भागत नाही, पूर्ण ओढून काढावा लागतो. बोल्ट अर्धवट ठेवून हातोडी चालवणाऱ्यांनी कितीतरी चांगले बॉल जॉइंट वाया घालवले आहेत. आर्म सुटल्यावर नकल बाहेर ओढू नका. ओढली तर ड्राइव्ह शाफ्टचा आतला जॉइंट आपल्या कपातून सुटतो आणि एका बुशच्या कामात तुम्ही गिअरबॉक्सजवळ जाऊन पोहोचता. कॅलिपर काढावा लागला तर तारेने स्प्रिंगला बांधा, होजवर लोंबकळत ठेवू नका.

जुना बुश काढायला रबराची बाहेर आलेली कडा ब्लेडने कापा, मग तो सहज दाबला जातो. नवा बसवायला प्रेस नसेल तर १२ मिमीचा थ्रेडेड रॉड, जाड वॉशर आणि योग्य मापाची मोठी गोटी (पान्याचं सॉकेट) किंवा पाइपचा तुकडा पुरतो. नट आवळत जा, बुश सरकत जातो. वंगण म्हणून साबणाचं पाणी. इंजिन ऑइल किंवा ग्रीस नको, नैसर्गिक रबर त्याने फुगतं आणि मऊ पडतं. दोन्ही बाजूंना रबर सारखंच बाहेर आलं पाहिजे. हे सगळं झेपत नसेल तर आर्म घेऊन जवळच्या लेथवाल्याकडे जा. प्रेसवर त्याचं काम पाच मिनिटांचं, आणि हातोडीने ठोकलेल्या बुशपेक्षा ते कधीही चांगलं.

हा टप्पा बाहेर केला तरी चालतो. पुढचा मात्र स्वतःच्या डोळ्यांसमोर झाला पाहिजे.

आर्म जागेवर लावा, बॉल जॉइंटचा आडवा बोल्ट पूर्ण आवळा. त्याचा पिळाशी संबंध नाही. आतला बोल्ट मात्र हाताने लागेल इतकाच ठेवा, आर्म मोकळेपणाने वर-खाली झाला पाहिजे. चाक बसवा, गाडी फळ्यांवर उतरवा, थोडी पुढे-मागे ढकला म्हणजे टायर बाहेरच्या बाजूला अडकून राहत नाहीत. गाडी दाबून सोडा. लिहून ठेवलेलं मडगार्डपर्यंतचं अंतर जुळतंय का बघा. जुळलं की आवळा.

फळ्यांची सोय नसेल तर दुसरा मार्ग आहे. गाडी स्टँडवर असतानाच बॉल जॉइंटजवळ आर्मखाली दुसरा जॅक लावून हळूहळू वर घ्या. मडगार्डपर्यंतचं अंतर मूळ आकड्यावर आलं की थांबा आणि आवळा. हलक्या गाडीत बऱ्याचदा त्याआधीच चेसिस स्टँडवरून उचलली जायला लागते. तसं दिसलं की लगेच खाली घ्या आणि फळ्यांचीच व्यवस्था करा. मला फळ्यांचा मार्ग जास्त पसंत आहे, दोन्ही बाजू एकदम आपल्या खऱ्या उंचीवर येतात.

किती आवळायचं? मॅन्युअलमधला आकडा मिळाला तर तोच अंतिम. नाहीच मिळाला तर डोक्यावर ८.८ असा छाप असलेल्या बोल्टसाठी सर्वसाधारण अंदाज असा: १० मिमीला ४५ ते ५० न्यूटन-मीटर, १२ मिमीला ८० च्या आसपास. टॉर्क रेंच नसेल तर बॅग मोजायचा लटकता काटा कामाला येतो. बोल्टच्या मध्यापासून ३० सेंटिमीटरवर पान्याला काटा अडकवा आणि पान्याशी काटकोनात ओढा. २५ किलो दाखवलं की साधारण ७४ न्यूटन-मीटर झाले. आत नायलॉनचं कडं असलेला नट असेल तर नवाच वापरा.

शेवटी पांढऱ्या ऑइल पेंटची एक बारीक रेघ आतल्या नळीपासून ब्रॅकेटवर जाईल अशी मारून ठेवा. महिन्याभराने रेघ तुटलेली दिसली तर नळी फिरतेय, म्हणजे बोल्ट ढिला आहे किंवा नळीच आखूड आहे.

तरीही फाटतोय? मग ही कारणं बघा

या गाड्यांत स्टॅबिलायझरवर दुप्पट जबाबदारी असते. वळणावर गाडी कलू न देणं हे त्याचं नेहमीचं काम. पण झेन, ८०० मध्ये त्या बारची दोन्ही टोकं लोअर आर्ममधून आरपार जातात, आणि चाकाला पुढे-मागे सरकण्यापासून धरून ठेवणारा भाग तोच आहे. लोअर आर्म स्वतः आतून एकाच बोल्टवर टांगलेला. स्टॅबिलायझरच्या टोकाचे बुश गेले असतील तर ब्रेक दाबताना चाक मागे सरकतं आणि तो सगळा मार लोअर आर्मच्या एकुलत्या बुशवर आडवा येतो. त्याची रचना आडव्या पिळासाठी नाही. नवा बुश घालून टोकाचे जुने बुश तसेच ठेवले तर नवा लवकर जाणारच. म्हणून माझा आग्रह असतो की लोअर आर्म, स्टॅबिलायझरची टोकं आणि मधले बुश सगळे एकदम बदलावेत. पैसे वाचवायचे असतील तर ते दुसरीकडे वाचवा.

स्टॅबिलायझर लावताना मधल्या ब्रॅकेटचे बोल्ट आणि टोकाचे कंगोरेदार नट आधी सैल ठेवायचे. बार डावी-उजवीकडे सारखा बाहेर आलाय ना, हे पट्टीने मोजायचं, गाडी वजनावर उतरवायची आणि मगच आवळायचं. वॉशरची दिशा काढतानाच मोबाइलवर फोटो काढून ठेवा, उलटा वॉशर रबर कापतो. टोकाचा नट गरजेपेक्षा जास्त ताणला की रबर फुगून बाहेर येतं आणि फाटतं. स्प्लिट पिन नवी घाला, जुनी सरळ करून परत वापरू नका.

दुसरं कारण आपल्याकडचं नेहमीचं. सर्व्हिसिंगला गाडी गेली की खालून डिझेल किंवा जळकं ऑइल फवारतात, गंज लागू नये म्हणून. पत्र्याला त्याचा काही फायदा होत असेल, पण बुशचं रबर त्याने सुजतं आणि खाली चिकट होऊन गळायला लागतं. गाडी देताना स्पष्ट सांगा: खालून फवारणी नको. इंजिनातून ऑइल गळून थेट आर्मवर पडत असेल तर आधी ती गळती बंद करा.

तिसरं कारण खरोखर पार्टचं. पुण्यात नाना पेठ असो की मुंबईत कुर्ला, एकाच गाडीचे बुश चार दर्जांत मिळतात. दुकानात उभं राहूनच जुना आणि नवा शेजारी ठेवा. आतल्या नळीची लांबी व्हर्निअरने मोजा. ती जुन्याइतकी हवी आणि बाहेरच्या भागापेक्षा दोन्हीकडून थोडी पुढे आलेली हवी, कारण ब्रॅकेटने तिलाच चिमटायचं आहे. आखूड असेल तर कितीही आवळा, नळी फिरत राहते आणि टकटक पहिल्या आठवड्यापासूनच येते. बोल्ट नळीत सैल लडबडत असेल तरी घेऊ नका. नखाने दाबून रबर नळीपासून सुटतंय असं दिसलं तर ते जिथल्या तिथे परत करा.

चौथं म्हणजे स्प्रिंगमध्ये बसवलेले रबरी बफर. गाडी खाली लागते म्हणून पुष्कळ जण ते स्प्रिंगच्या वेटोळ्यांत अडकवतात. त्याने गाडी उंच होते, म्हणजे आर्मची उभं राहण्याची स्थितीही बदलते, आणि जुन्या उंचीला आवळलेले बुश आपोआप पिळले जातात. बसवायचेच असतील तर बसवल्यानंतर सगळे बोल्ट नव्या उंचीवर सैल करून पुन्हा आवळा. माझं मत विचाराल तर बसवू नका. स्प्रिंग थकली असेल तर स्प्रिंगची जोडी बदला, गाडी मूळ उंचीवर येते. बफरने बाकीच्या वेटोळ्यांवर ताण वाढतो आणि हादरे सगळे वरच्या माउंटिंगला बसतात.

पॉलियुरेथेनच्या बुशबद्दलही हल्ली विचारणा होते. त्यांचं तंत्र वेगळं आहे. त्यात आतली नळी बुशमध्ये फिरते, पीळ साठत नाही, म्हणून हवेत आवळल्याचा दोष त्यांना लागत नाही. पण फिरतात म्हणजे घासतात. सिलिकॉन ग्रीस भरपूर लागतं, पावसाळ्यात ते धुऊन निघालं की कुरकुर सुरू होते, आणि रस्त्याचा हादरा केबिनमध्ये जास्त येतो. घरच्या वापराच्या जुन्या गाडीला मी चांगला रबरी बुशच सुचवतो.

शॉकअप बदलत असाल तर

बुशचं काम निघालं की बरेच जण त्याच खेपेला पुढचे शॉकअपही बदलतात. विचार योग्य आहे. फक्त काही गोष्टींची खबरदारी घ्या.

वरचा मधला नट स्प्रिंग कम्प्रेसरने दाबल्याशिवाय कधीही सैल करू नका. दाबलेली स्प्रिंग सुटली की समोरच्याचा जबडा मोडू शकते. कम्प्रेसर भाड्याने किंवा मागून मिळत नसेल तर स्ट्रट (स्प्रिंगसकट अख्खा शॉकअप) तसाच काढून गॅरेजमध्ये न्या आणि तेवढाच भाग तिथे करून घ्या.

नट आवळताना आतला चकचकीत रॉड फिरतो, म्हणून लोक त्याला पक्कडीने धरतात. त्या क्षणी शॉकअप संपला. रॉडवरचा एक ओरखडा ऑइल सील कापत राहतो आणि दोन-तीन महिन्यांत ऑइल ओघळलेलं दिसतं. रॉडच्या वरच्या टोकाला धरण्यासाठी सोय दिलेली असते, तीच वापरा.

दुकानात आडवे पडून असलेल्या शॉकअपच्या आतल्या नळीत हवा शिरलेली असते. उभा धरून पूर्ण लांबीने चार-सहा वेळा दाबा-ओढा, मधला पोकळ झटका गेला की बसवा. बंप स्टॉप (शॉकअप पूर्ण दाबला गेल्यावर आपटू नये म्हणून रॉडवर असलेला ठोकळा) आणि धुळीचं कव्हर नवं घाला. पंचवीस वर्षांच्या गाडीत बंप स्टॉपचा बऱ्याचदा फक्त भुगा उरलेला असतो, आणि तो नसला की प्रत्येक मोठ्या खड्ड्यात शॉकअप आतून आपटतो. डावा-उजवा जोडीनेच बदला. नकलला धरणारे खालचे बोल्ट काढण्याआधी त्यांच्या डोक्याभोवती पेंटची खूण करा. या गाड्यांत कॅम्बर (समोरून बघताना चाकाचा आत-बाहेर कल) आणि कास्टर (स्टिअरिंगच्या अक्षाचा पुढे-मागे कल) बदलायची सोय नाही, पण छिद्रात थोडी मोकळीक असते. खुणेवर परत आणलं तर चाक होतं तसंच उभं राहतं.

काम झाल्यावर अलाइनमेंट लागतेच. इथे फक्त टो (वरून बघताना चाकांची तोंडं आत-बाहेर किती वळली आहेत ते) बदलता येतो, त्यामुळे कॅम्बर मापाबाहेर दिसला तर अलाइनमेंटवाला काही करू शकणार नाही. वाकलेला आर्म, वाकलेला स्ट्रट किंवा सरकलेले खालचे बोल्ट शोधावे लागतील. अलाइनमेंट नेहमी बुश वजनावर आवळल्यानंतर करा. आधी केली आणि मग बोल्ट सैल केले तर ते पैसे गेले.

मागच्या बाजूलाही नियम तोच आहे. झेन आणि ऑल्टोला मागे सरळ अ‍ॅक्सल, दोन ट्रेलिंग आर्म आणि आडवा लॅटरल रॉड आहे, आणि त्या प्रत्येकाच्या टोकाला रबरी बुश आहेत. मागून ‘धब्’ आवाज येत असेल तर बहुतेक वेळा लॅटरल रॉडचा बुश निघतो. मागची चाकं फळ्यांवर चढवायची असतील तर ठोकळे पुढच्या चाकांना लावा आणि गाडी गिअरमध्ये ठेवा, कारण हँडब्रेक मागच्याच चाकांवर चालतो. डिकी रिकामी करून, गाडी तिच्या रोजच्या उंचीवर बसल्याची खात्री करून हे बोल्ट आवळा. शंभरेक किलोमीटर चालल्यावर पुढचे-मागचे सगळे नट एकदा पान्याने तपासा, चाकांचेही.